शिल्पाआधी वाट बघा

प्रश्न : मी शिल्पकलेचा विद्यार्थी आहे. चौकासाठी केलेलं शिल्प मॉडेलमध्ये देखणं वाटतं, पण प्रत्यक्ष जागेवर ते बुटकं, हरवल्यासारखं दिसतं. असं का होतं? आणि लोकांनाच ते नको असेल तर शिल्पकारानं काय करायचं?

उत्तर : मॉडेल टेबलावर असतं आणि आपण ते वरून बघतो. घोटाळा तिथेच होतो. रस्त्यावरचा माणूस तेच शिल्प खालून बघतो, तेही चालता चालता, पुष्कळदा पाठीकडून. म्हणून मी मॉडेल उंच स्टँडवर चढवते आणि स्वतः खाली बसून काम तपासते. खालून बघताना पुढे आलेला गुडघा मांडी गिळतो, हनुवटीमागे कपाळ आखूड होतं. मग मान किंचित पुढे झुकवायची, धड थोडं लांबवायचं. शिवाय मोकळ्या आकाशाखाली माणसाएवढी आकृती लहानच वाटते, म्हणून आम्ही सव्वापट किंवा दीडपट आकार धरतो. शक्य असेल तर बांबू आणि कापडाचा पूर्ण उंचीचा सांगाडा जागेवर उभा करून सकाळ-संध्याकाळ बघावा. दिवसभर ऊन पाठीवरच राहिलं तर चेहरा काळा पडतो, आणि त्यावर केलेली सगळी मेहनत कुणाला दिसतच नाही.

चौथऱ्याचा विचारही आधीच करा. फ्रेंच शिल्पकार रोदाँनं फ्रान्समधल्या कॅले शहरासाठी, शहर वाचवायला जीव द्यायला निघालेल्या तिथल्या सहा नागरिकांचा समूह घडवला. आपली माणसं वाटसरूंच्या जवळ, जमिनीलगत असावीत, ही त्याची इच्छा होती. 1895 मध्ये समूह बसवला गेला तो उंच चौथऱ्यावर. 1924 मध्ये तो खाली आला, तेव्हा रोदाँला जाऊन सात वर्षं झाली होती. त्या सहाजणांचे खचलेले खांदे आणि जड हात डोळ्यांसमोर यायलाच हवेत. उंचावर ठेवले की ते नुसते वीर पुरुष होतात, आणि मला ते फार लागतं.

आता लोकांचा विरोध. तो कशाला आहे, हे नीट ऐका. इंग्लंडमधल्या गेट्सहेडजवळच्या ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ या शिल्पालाही आधी पुष्कळ विरोध झाला. 1998 मध्ये 20 मीटर उंच, 54 मीटर पंखांचा तो पोलादी देवदूत उभा राहिला आणि हळूहळू लोकांनी त्याला आपलंसं केलं. रूप न आवडणं काळाबरोबर बदलू शकतं. वाट अडली तर मात्र तो त्रास रोजचा असतो. अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेरानं 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात सुमारे 36 मीटर लांबीची, साडेतीन मीटरहून उंच पोलादी भिंत उभी केली. तिथे काम करणाऱ्यांना रोज वळसा पडू लागला. सुनावणी झाली, कोर्टकज्जे झाले आणि 1989 मध्ये भिंत कापून हलवली गेली. हे काम याच जागेसाठी आहे, इथून काढणं म्हणजे ते नष्ट करणं, असं सेराचं म्हणणं होतं. शिल्पकार म्हणून मला ते पटतं. तरीही रोज तिथून जाणाऱ्याचा त्या जागेवर आपल्याइतकाच हक्क आहे, असं मी मानते.

तेव्हा पुढच्या कामाला माती मळण्याआधी जागेवर जाऊन बसा. माणसं कुठून येतात, कुठे तिरकी कापून जातात, कुठे टेकतात, ते नकाशावर पेन्सिलीनं आखा. पावसात पाणी कुठे तुंबतं तेही टिपा, कारण पोकळ ब्राँझच्या तळाशी पाणी निघून जायला भोक ठेवावं लागतं. ही रेघोट्यांची पानं समोर ठेवूनच पहिलं स्केच करा.