पाटी वाचण्याआधी

प्रश्न : फेलिक्स गोन्झालेस-टोरेस यांच्या एका कलाकृतीचा फोटो पाहिला. कोपऱ्यात रंगीत कागदांतल्या गोड गोळ्यांचा ढीग, बस्स. खालची पाटी वाचली तेव्हा कळलं की हे म्हणे एड्सबद्दल आणि दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल आहे. पाटी वाचल्याशिवाय जे कळत नाही, ती कला कसली? आणि हल्लीच्या कलाकारांना राजकारण आणि स्वतःची ओळख यापलीकडे विषयच नाहीत का?

उत्तर : तुमची चिडचिड मला चांगली ओळखीची आहे. मी चोवीस वर्षं प्रदर्शनं लावण्याचं काम केलं. चित्रं टांगायची, पातळी बघायची, दिवे वळवायचे आणि सगळ्यात शेवटी पाट्या चिकटवायच्या. एकदा घाईत दोन पाट्यांची अदलाबदल झाली. विस्थापनाबद्दलचा लांबलचक मजकूर गेला एका झोपलेल्या मांजराच्या चित्राखाली. दोन दिवस लोक पाटी वाचायचे, मांजराकडे बघायचे आणि गंभीरपणे मान हलवून पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी मांजराची चित्रकर्ती स्वतः आली, तेव्हा कुठे मी शिडी न घेता, गुपचूप पाटी बदलली. तेव्हापासून पाटी आधी वाचणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण त्या गोळ्यांचं वजन तुमच्या नजरेतून निसटलं. ढिगाचं आदर्श वजन 175 पौंड ठरवलेलं आहे, म्हणजे साधारण 79 किलो. एका धडधाकट माणसाचं वजन. कलाकाराचा जोडीदार रॉस 1991 मध्ये एड्सने गेला, ही कलाकृतीही त्याच वर्षाची, आणि शीर्षकात तिला रॉसचं व्यक्तिचित्र म्हटलंय. बघणाऱ्याला एक गोळी उचलायची मुभा आहे. तुम्ही वाकता, गोळी उचलता, कागद सोलता, तोंडात टाकता. गोड लागते. आणि ढीग तेवढ्याने उतरतो. दिवसभरात शेकडो हात लागले की तो चांगलाच खचतो, मग पुन्हा भर घालता येते. माणूस झिजताना बघत उभं राहणं आणि त्याला परत परत उभं करू पाहणं, दोन्ही त्या कोपऱ्यात आहे. फोटोत यातलं काहीच येत नाही, कारण फोटोतला ढीग कमी होत नाही.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देतो. हे काम शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयात आहे. तिथली पाटी 2022 मध्ये चर्चेत आली, कारण नव्या मजकुरातून रॉस आणि एड्स दोन्ही गळाले होते. लोक भडकले, मजकूर पुन्हा बदलावा लागला. तेव्हा पाटी फालतू असते असं मी म्हणणार नाही. कुणाचं नाव तिच्यावर राहतं आणि कुणाचं जातं, यावर भांडायलाच हवं. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी वस्तूभोवती एक चक्कर मारा, मग वाचा.

दुसरं उदाहरण देतो, तिथे तर वस्तूही नव्हती. कोलंबियाच्या दोरिस साल्सेदो यांनी 2007 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या भल्यामोठ्या टर्बाइन हॉलमध्ये भिंतीवर काही लावलं नाही, मधोमध काही उभारलं नाही. जमिनीलाच भेग पाडली, 167 मीटर लांब. सुरुवातीला केसाएवढी, पुढे पाऊल अडकेल इतकी. शीर्षक ‘शिब्बोलेथ’. बायबलमधली गोष्ट अशी : लढाईत हरलेले लोक नदी ओलांडून पळू लागले, तेव्हा पहाऱ्यावरच्यांनी प्रत्येकाला हा शब्द उच्चारायला लावला. ज्याच्या तोंडून ‘श’ऐवजी ‘स’ आला, त्याला तिथेच मारलं. ‘न’ आणि ‘ण’वरून माणूस जोखणाऱ्या आपल्या मराठीत याचा अर्थ फोड करून सांगायला नको. कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे साल्सेदोंनी चित्रात रंगवलं नाही. तुम्ही भेगेच्या कुठल्या बाजूला उभे आहात, एवढंच तुमच्या पायांना विचारलं. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली. वण अजून जमिनीत दिसतो.

राहिला विषयांचा प्रश्न. हे विषय नव्याने आलेले नाहीत. राजाचं व्यक्तिचित्र काढणारा दरबारी चित्रकारही राजकारणच रंगवत होता, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं. आणि हो, वाईट कामं आजही ढिगाने आहेत. काटेरी तार, फाटका झेंडा आणि लाल रंगाचे ओघळ एकाच चौकटीत दिसले की मी पुढे सरकतो.

प्रश्न : सर, मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला यंत्रांचे सुटे भाग रंगवायला आवडतात. शिक्षक म्हणतात, ‘तुझ्याकडे तुझ्या समाजाची एवढी मोठी गोष्ट आहे, ती का रंगवत नाहीस?’ न रंगवणं म्हणजे पळ काढणं आहे का?

उत्तर : नाही. आणि हा प्रश्न विचारला गेलेली तू पहिली नाहीस. यिंका शोनिबारे लंडनमध्ये जन्मले, लागोसमध्ये वाढले आणि लंडनला परतून कला शिकू लागले. विद्यार्थी असताना सोव्हिएत रशियातल्या पेरेस्त्रोइकावर, म्हणजे गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांवर, काम करत होते. शिक्षकांनी विचारलं, तू अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस? शोनिबारेंनी हा ‘अस्सल’ शब्दच पकडला आणि लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या बाजारात गेले. तिथे ‘आफ्रिकन’ म्हणून विकलं जाणारं झगमगीत कापड मिळतं. चौकशी केल्यावर कळलं की त्याचं मूळ इंडोनेशियाच्या बाटिकमध्ये. डच कारखानदारांनी त्याची यंत्रावर नक्कल केली आणि ते पश्चिम आफ्रिकेत खपलं. पुढे त्याच कापडाचा अठराव्या शतकातल्या फ्रेंच थाटाचा झगा शिवून त्यांनी तो झोक्यावरच्या बिनडोक्याच्या पुतळ्याला घातला (2001). हे काम त्याच शतकातला फ्रेंच चित्रकार फ्रागोनार याच्या प्रसिद्ध चित्रावरून केलंय. शिक्षकांना उत्तर मिळालं, पण मागितलं होतं ते नाही.

अमेरिकेचे कृष्णवर्णीय चित्रकार केरी जेम्स मार्शल यांची वाट उलटी. त्यांनी ठरवून काळी माणसंच रंगवली आणि तीही तपकिरी छटांत न विरघळवता, खरोखर काळी. मग रंगपेटीचा प्रश्न आला : काळ्यावर काळं ठेवलं तर चेहरा दिसणार कसा? ते हाडं जाळून केलेला, काजळीचा आणि लोहाच्या ऑक्साइडचा असे तीन काळे वेगवेगळे वापरतात, कशात निळा मिसळतात, कशात हिरवा. ओळखीचा प्रश्न त्यांनी नळीतल्या रंगाच्या पातळीवर आणून सोडवला. त्यांची चित्रं बघताना डोळा सरावायला वेळ लागतो, आणि तो वेळ ते तुमच्याकडून वसूल करतात.

तुझे गिअर आणि बेअरिंग तू रंगवत राहा. ते कुणाच्या हातांनी घडवले, हे एखाद्या दिवशी आपोआप चित्रात येईल, किंवा येणारही नाही. शिक्षकांशी भांडू नकोस, त्यांचा हेतू वाईट नसावा. फक्त पुढच्या वेळी विचार, की हा प्रश्न ते वर्गातल्या सगळ्यांनाच विचारतात का.

प्रश्न : या सगळ्याने प्रत्यक्षात काही बदलतं का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. पण एक घटना सांगतो. छायाचित्रकार नॅन गोल्डिन ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर आल्या. ते औषध बनवणाऱ्या कंपनीची मालकी असलेल्या सॅकलर घराण्याचं नाव जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर होतं. मार्च 2018 मध्ये गोल्डिन आणि त्यांचे साथीदार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले आणि तिथल्या सॅकलर दालनातल्या पाण्यात त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्या फेकल्या. पुढच्या वर्षी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला त्यांनी बजावलं, की सॅकलरांची दहा लाख पौंडांची देणगी घेतलीत तर माझं प्रदर्शन विसरा. देणगीचा विषय तिथेच मिटला. म्हणजे इथे काम केलं ते चित्राने नाही, चित्र न देण्याच्या धमकीने. डिसेंबर 2021 मध्ये मेट्रोपॉलिटनने सात दालनांवरून ते नाव काढलं.

ती अक्षरं उतरवायला कुणीतरी शिडीवर चढलं असणारच. ते काम मी फुकट केलं असतं.