पक्ष्माभिका की कशाभिका? आधी हालचाल बघा

सूक्ष्मदर्शकाखाली पेशीवर केसांसारखे हलणारे बारीक धागे दिसले, की त्या पक्ष्माभिका की कशाभिका, हा गोंधळ सुरुवातीला सगळ्यांचाच होतो, त्यामुळे खचू नका. बहुतेक नवखे फक्त लांबीवरून ठरवायला जातात आणि तिथेच फसतात. लांबीपेक्षा हालचाल जास्त खात्रीची.

पक्ष्माभिका, म्हणजे सिलिया, वल्ह्यासारख्या चालतात: एक जोरकस फटका, मग वाकून हळूच मागे. त्या सहसा आखूड आणि पुष्कळ असतात. पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या अंगावर त्यांची लाट पिकावरून वारा जावा तशी सरकते. हे दृश्य एकदा नीट बघाच, पुढचं निम्मं काम सोपं होतं! कशाभिका, म्हणजे फ्लॅजेला, बहुधा एकदोनच असतात, लांब असतात आणि चाबकासारख्या लहरतात. युग्लीना हा एकपेशीय जीव किंवा शुक्रजंतूची शेपटी आठवा.

या चुका टाळा:

- प्रकाश पूर्ण सोडणे. पक्ष्माभिका पारदर्शक असतात, झगझगाटात दिसतच नाहीत. डायफ्राम, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रकाश कमीजास्त करायची झडप, थोडा बंद करा.
- आतड्यातल्या सूक्ष्मांकुरांना, म्हणजे मायक्रोव्हिलायना, पक्ष्माभिका समजणे. ते वल्ह्यासारखे फटके मारत नाहीत. त्यांचं काम शोषणासाठी पृष्ठभाग वाढवणं.
- जिवाणूंची कशाभिका यातच धरणे. नाव तेच, पण रचना पूर्णपणे वेगळी. ती लहरत नाही, मुळाशी गोल फिरते.

पक्ष्माभिका आणि आपल्या पेशींतली कशाभिका यांची आतली घडण मात्र जवळजवळ सारखीच आहे. ती ज्या सूक्ष्मनलिकांची, म्हणजे अतिबारीक नळ्यांची, बनलेली असते त्यांच्या तपशिलात इतक्यात शिरू नका. आधी डबक्यातल्या पाण्याचे दहा-बारा थेंब शांतपणे बघून घ्या.