नोव्हेंबरात परतीचं तिकीट काढू नका

"मॅडम, सेवा करायला आले आणि मलाच सांभाळायची वेळ आलीय. परत येऊ का?"

प्रश्न विचारणारी मुलगी पुण्यात जर्मन शिकून 'बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट' या जर्मनीतल्या सरकारी स्वयंसेवा योजनेत गेलेली (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). काम श्टुटगार्टजवळच्या वृद्धाश्रमात, मुदत 12 महिने. सप्टेंबर छान गेला. नोव्हेंबरात रोज रडू यायला लागलं.

'घरची आठवण येते' एवढ्यावर काही करता येत नाही. म्हणून तिला दोन आठवडे वहीत चार नोंदी करायला सांगितल्या: झोप किती, खाल्लं काय, दिवसाउजेडी बाहेर किती वेळ, आणि कोणाशी बोलणं झालं. वहीत दिसलं की सगळं रविवारी दुपारनंतर दाटून येतंय. रविवारी दुकानं कायद्यानेच बंद, पाचच्या सुमारास अंधार, बरोबरीच्या मुली आपापल्या घरी.

त्यात घड्याळाची भानगड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात, त्यामुळे भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. ती संध्याकाळी सहाला फोन करायची. आधी तेव्हा पुण्यात साडेनऊ वाजलेले असत, आता साडेदहा. आई जांभया देत बोलायची आणि हिला वाटायचं, घरच्यांना आता आपलं काही पडलेलं नाही! फोन रविवारी सकाळी नऊला हलवला. पुण्यात दुपारचा दीड, जेवणं आटोपलेली.

रात्रीचं जेवण म्हणजे रोज पाव आणि चीज. लाल मसूर डाळ तिथे सुपरमार्केटात 'रोटे लिन्सेन' नावाने मिळते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, साडेतीन-चार वाट्या पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, कुकरशिवाय खिचडी होते. सामान शनिवारीच आणायचं. फोडणी देताना खिडकी उघडी हवी, कारण धुराच्या अलार्मला मोहरी आणि आग यातला फरक कळत नाही.

खरी गाठ मात्र कामात होती. जर्मनची बी-2 ही वरच्या पातळीची परीक्षा पास असूनही आज्या बोलतात ती तिथली श्वाबियन बोली तिला कळेना. एकीने न्याहारीला 'ग्झेल्ट्स' मागितलं, हिने मीठ नेऊन ठेवलं. मिठाला 'झाल्त्स' म्हणतात, आणि आजींना हवा होता जॅम. सगळे हसले, ही रात्रभर स्वतःला नालायक ठरवत बसली. त्या भरात, आपण काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना एकटीने उचलायलाही ती 'हो' म्हणू लागली. 'सेवेला आलोय, नाही कसं म्हणायचं?' हा आपल्याकडचा संस्कार तिथे कंबर मोडतो. स्वयंसेवक हा मदतनीस, कमी पडलेल्या कर्मचाऱ्याची भरपाई नव्हे. "दास माखे इश निश्ट अलाइन", म्हणजे हे मी एकटी करणार नाही, हे वाक्य तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. मार्गदर्शक कर्मचाऱ्याकडे दर पंधरवड्याला अर्धा तास मागायला सांगितलं. शिवाय वर्षाच्या सेवेत 25 दिवस सेमिनारचे असतात; तिथे असेच कावलेले दहाजण भेटतात, ते चुकवू नयेत.

परतीचा निर्णय जानेवारीअखेरपर्यंत पुढे ढकलला. निवासाचा परवाना या सेवेशीच बांधलेला असतो. काम सोडलं तर परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवावं लागतं. जागा जमत नसेल तर सेवा सोडण्याआधी जागा बदलून मिळते का, हे विचारावं.

दोन आठवडे झोप उडाली, अन्न जाईना किंवा जगणं नकोसं वाटलं, तर मात्र वही बाजूला ठेवून सरळ डॉक्टर. स्वयंसेवकाचा आरोग्य विमा असतोच. 'टेलेफोनझेलझोर्गे' ही मोफत हेल्पलाइन 0800 111 0 111 वर चोवीस तास चालते, बोलणं जर्मनमध्ये. जिवावर बेतलं असेल तर 112.