आरोग्य प्रश्नोत्तरे : सुनेचा हिपॅटायटिस बी आणि येणारे बाळ

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. तपासणीत हिपॅटायटिस बी आढळला, पण तिला काहीच त्रास नाही. तिचे ताट-वाटी वेगळे ठेवावे का? बाळाचे काय?

उत्तर : ताट-वाटी वेगळे ठेवू नका, यकृताला इजा करणारा हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो, एका पंगतीत जेवल्याने नव्हे. त्रास नसणे हेच या आजाराचे फसवे रूप आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

प्रौढपणी लागण झालेले बहुतेक जण त्यावर मात करतात, परंतु जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांच्या यकृतात विषाणू ठाण मांडतो आणि पुढे सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कठीण होणे) किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून जन्मापासून २४ तासांच्या आत लस आणि उपलब्ध असल्यास इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देणे अत्यावश्यक आहे. पुढचे डोसही चुकवू नयेत. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांचे लसीकरण सुरू केले आणि तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग घटला.

सुनेच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण आताच मोजून घ्यावे, कारण ते जास्त असल्यास डॉक्टर याच महिन्यांत टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात. बाळाला लस दिल्यावर अंगावर पाजण्यास हरकत नाही.