जीपी३ गेली कुठे, आणि आजची फॉर्म्युला ३ आली कुठून?

तुम्ही विचारलंय की २०१८ पर्यंतच्या निकालांमध्ये 'युरोपियन फॉर्म्युला ३' (थोडक्यात एफ३) आणि 'जीपी३' अशा, फॉर्म्युला १ (एफ१) च्या खालच्या पायरीवरच्या, तरुण ड्रायव्हरांच्या दोन मालिका दिसतात आणि २०१९ पासून एकच. मग मॅक्स वेरस्टापेन ज्या एफ३ मधून आला आणि ऑस्कर पियास्त्रीने जी एफ३ जिंकली, ती एकच का? शिवाय भारतीय ड्रायव्हर जेहान दारूवालाचे आकडे दोन्हीकडे कसे?

एकच नाही. आजची फॉर्म्युला ३ म्हणजे नाव बदललेली जीपी३. वेरस्टापेनवाली एफ३ २०१८ च्या मोसमाबरोबर संपली. तिचं नाव तेवढं दुसरीला मिळालं.

फॉर्म्युला ३ हे नाव तसं खूप जुनं, १९५० पासूनचं. सुरुवातीला मोटरसायकलचं ५०० सीसी इंजिन मागे लावलेल्या गाड्या असायच्या. पुढे ब्रिटन, जर्मनी, इटली, फ्रान्स, जपान, प्रत्येकाची स्वतःची एफ३ झाली. पुढे एफ१ मध्ये गेलेल्या आयर्टन सेना आणि मार्टिन ब्रंडल यांचा १९८३ चा सामना ब्रिटिश एफ३ मधला. आपला नारायण कार्तिकेयनही तिथूनच पुढे गेला. कागदावर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कुणीही बनवावी अशी मुभा होती, पण नव्वदच्या दशकात इटलीच्या डलाराने बाकीच्यांना जवळजवळ घरी बसवलं. इंजिनांत मात्र निवड शिल्लक होती. मग एकेका देशाची मालिका रोडावत गेली आणि २०१४ नंतर ब्रिटिश आणि जर्मन, दोन्ही बंद पडल्या. त्याआधीच, २०१२ मध्ये, एफआयएने (मोटर शर्यतींची जागतिक नियामक संस्था) युरोपियन अजिंक्यपद पुन्हा सुरू केलं होतं. ते प्रामुख्याने जर्मनीच्या डीटीएम या टूरिंग कार मालिकेच्या जोडीने फिरायचं.

त्या गाडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरा फरक तिथेच आहे. दोन लिटरचं इंजिन, ताकद साधारण २४० अश्वशक्ती, म्हणजे सरळ रस्त्यावर फार काही नाही. पण गाडी हलकी आणि डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर, भरपूर, त्यामुळे वळणातला वेग जबरदस्त. हँकूकचे टायर टिकाऊ होते, पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत दाबून चालवता यायचं. एका वीकेंडला तीन शर्यती. ताकद कमी असल्यामुळे वळणात एकदा वेग गमावला की तो इंजिनाच्या जोरावर परत मिळत नसे, सरळ रस्ता संपेपर्यंत त्याची किंमत मोजावी लागायची. टीमलाही डॅम्परपासून (सस्पेन्शनचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) विंगच्या कोनापर्यंत बरंच काही करून बघता यायचं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना 'गाडी काय सांगतेय' हे इंजिनियरला नेमक्या शब्दांत सांगायची सवय तिथे लागायची. वेरस्टापेन २०१४ मध्ये या मालिकेत तिसरा आला आणि पुढच्या वर्षी १७ व्या वर्षी थेट एफ१ मध्ये बसला. त्या मोसमाचा विजेता एस्तेबान ओकॉन होता, हे आता कुणाच्या लक्षात नसतं.

जीपी३ चा पिंडच वेगळा. एफ१ च्या लगेच खालची जीपी२ मालिका चालवणाऱ्या ब्रुनो मिशेल यांच्या मंडळींनी ती २०१० मध्ये सुरू केली. सगळ्यांना तीच डलारा, तेच इंजिन, तेच पिरेली टायर. सुरुवातीला दहा टीम, प्रत्येकी तीन गाड्या. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एफ१ च्याच वीकेंडला, त्याच ट्रॅकवर शर्यत. आधी २८० अश्वशक्तीचं टर्बो होतं, २०१३ पासून ४०० चं व्ही६ आलं. बोटास, क्व्यात, ओकॉन, लेक्लेर, रसेल हे सगळे तिचे विजेते. क्व्यात तर २०१३ ची जीपी३ जिंकून पुढच्याच वर्षी एफ१ मध्ये होता. अर्जुन मैनीने २०१७ मध्ये बार्सिलोनाला इथलीच एक शर्यत जिंकली.

म्हणजे एकाच पायरीवर दोन दुकानं आणि गिऱ्हाईक तेच. वेरस्टापेनच्या प्रकरणानंतर एफआयएने सुपरलायसन्सचे, म्हणजे एफ१ चालवायच्या परवान्याचे, नियम कडक केले: वय किमान १८ आणि खालच्या मालिकांमधून तीन वर्षांत ४० गुण. गुणांची शिडी लावायची तर पायऱ्या सरळ हव्यात. खाली एफ४ होतीच, २०१७ मध्ये जीपी२ ची फॉर्म्युला २ झाली, राहिली मधली पायरी. तिचं कंत्राट जीपी३ वाल्यांना मिळालं. युरोपियन एफ३ वाल्यांनी 'फॉर्म्युला युरोपियन मास्टर्स' नावाने संसार पुन्हा मांडायचा प्रयत्न केला, पण पुरेशा गाड्याच जमल्या नाहीत आणि २०१९ चा मोसम सुरू होण्याआधीच ते बारगळलं. नावाचीही मग वाटणी झाली. जपानची एफ३ 'सुपर फॉर्म्युला लाइट्स' झाली आणि मधल्या काळात नव्या गाडीसह परतलेली ब्रिटिश एफ३ २०२१ मध्ये 'जीबी३'.

माझं मत विचाराल तर शिडी सरळ झाली हे चांगलंच. डोक्याला वाचवणारी हेलोची कमान आली, एफ१ च्या टीमांना पोरं डोळ्यांसमोर दिसू लागली. पण शिकायची जागा गेली आणि तिथे चाळणी आली. आता शुक्रवारी सरावाला ४५ मिनिटं आणि क्वालिफायिंगला (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेऱ्या) ३० मिनिटं. गाड्या तीस आणि टायरची खरी पकड एखाद-दुसऱ्या फेरीपुरती. त्या फेरीत पुढे कुणी घसरला, वेग कमी करायला लावणारा पिवळा झेंडा आला, की वीकेंड मातीत.

याचं टोक बघायचं असेल तर इटलीतल्या मोंझा ट्रॅकवरची २०१९ ची शर्यत काढून बघा. तिथे पुढच्या गाडीच्या आडोशाने जोरात जाता येतं, म्हणून प्रत्येकाला कुणाच्या तरी मागे राहायचं होतं आणि पुढे कुणालाच जायचं नव्हतं. क्वालिफायिंगच्या शेवटी गाड्यांची ही भलीमोठी वरात, सगळे रेंगाळतायत, 'पहले आप' चाललंय आणि घड्याळ संपतंय. बऱ्याच जणांना दंड झाला. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी एफ१ च्या थोरांनीही क्वालिफायिंगच्या शेवटी नेमकं तेच केलं!

त्यामुळे आजच्या एफ३ चा गुणतक्ता जुन्यासारखा वाचू नका. शनिवारच्या छोट्या स्प्रिंट शर्यतीत क्वालिफायिंगचे पहिले १२ उलटे उभे राहतात, म्हणजे बारावा आलेला सगळ्यात पुढे. नुसते विजय मोजले तर फसाल. २०२४ चं अजिंक्यपद लिओनार्दो फोर्नारोलीने एकही शर्यत न जिंकता मिळवलं, तेही मोंझाच्या शेवटच्या फेरीत. तेव्हा लोक हसले होते. पुढच्याच वर्षी त्याने एफ२ जिंकली. मी स्वतः आधी क्वालिफायिंग बघतो, मग त्याच टीममधल्या दुसऱ्या दोघांशी तुलना, आणि मग रविवारच्या फीचर, म्हणजे मुख्य, शर्यतीतल्या शेवटच्या पाच-सहा फेऱ्या. टायर कुणी राखून ठेवलेत ते तिथे कळतं. जुन्या एफ३ मध्ये हा प्रकार जवळजवळ नव्हताच.

खर्चाचं एका वाक्यात: एका मोसमाचं बजेट साधारण दहा लाख युरो किंवा त्याहून जास्त धरलं जातं, म्हणजे साधारण दहा कोटी रुपये, आणि ते बहुतेक वेळा ड्रायव्हरनेच आणायचे असतात.

आता जेहान. मुंबईचा हा पोरगा २०१७ आणि २०१८ मध्ये कार्लिन टीमकडून युरोपियन एफ३ मध्ये होता, २०१७ ला जर्मनीतल्या नोरिसरिंगला जिंकलाही. ती मालिका मिटली तेव्हा तो प्रेमा टीममध्ये गेला आणि २०१९ च्या नव्या एफ३ मध्ये दोन शर्यती जिंकून तिसरा आला. पहिले तिघेही प्रेमाचेच: श्वार्त्झमन, आर्मस्ट्राँग, दारूवाला. म्हणजे त्याने दोन वर्षं एका प्रकारचं चालवणं शिकून तिसऱ्या वर्षी जड, जास्त ताकदीची आणि टायर खाणारी गाडी हाती घेतली. म्हणूनच त्याचे दोन्हीकडचे आकडे एकत्र करून सरासरी काढू नका. २०१९ चा मोसम वेगळा धरा आणि त्याला २०२० च्या डिसेंबरमधल्या बहरीनमधल्या साखीरच्या एफ२ विजयाशी जोडून बघा. एफ२ ची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय.