परसातला पक्का खुराडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून बारा गावठी कोंबड्यांसाठी पक्का खुराडा बांधायचं ठरलंय. केवढा बांधावा? (कुडाळ)

दिवसा कोंबड्या परसात मोकळ्या फिरणार असतील, तर रात्रीपुरती कोंबडीमागे 2 चौरस फूट जागा पुरते. म्हणजे आतून 4 बाय 6 फूट. 6 फुटांची बाजू पूर्व-पश्चिम ठेवा आणि पूर्व-पश्चिमेच्या आखूड भिंती छपरापर्यंत चिऱ्याच्या करा. मावळतीचं ऊन आणि पश्चिमेची झड, दोन्ही त्या भिंतीवर थांबतात. लांब भिंती मात्र दीड फूटच, त्यावर जाळी. वळचण त्या बाजूंना 3 फूट बाहेर हवी. इथे पत्रा वाचवायला जाऊ नका.

जोतं दीड फूट उचला. त्यावर 3 इंच कोबा : 1 भाग सिमेंट, 2 वाळू, 4 खडी, दाराकडे इंचभर उतार. कोब्याला एक गोणी सिमेंट थोडं कमी पडतं, म्हणून दोन आणा. उरलेलं जोत्याला लागतंच. कोब्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम मुलांना द्या. मोठी माणसं ते दुसऱ्याच दिवशी विसरतात.

प्रश्न : जाळी असूनही मुंगसाने दोन कोंबड्या मारल्या. (संगमेश्वर)

जाळी बहुधा षटकोनी भोकांची, हाताने वाकणारी असणार. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही. अर्धा इंच चौकोनाची वेल्डमेश घ्या. अंडी खायला येणारा सापही तिच्यातून सहसा शिरत नाही. ती खिळ्यांनी ठोकू नका. चौकटीवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा. मग दाराखालची फट बघा : दोन बोटं गेली, तर उंबरा घाला. बाहेर मातीवर कुंपण असेल, तर त्याच्या तळाशी फूटभर जाळी बाहेरच्या अंगाला आडवी पसरून मातीखाली दाबा. मुंगूस कुंपणाच्या बुडाशीच उकरतं, तिथे त्याला जाळी लागते.

प्रश्न : पावसात ताडपत्रीने चारी बाजू बंद केल्या. आता आत गेलं की डोळे झोंबतात. (महाड)

तो अमोनिया. ओल्या विष्ठेतून सुटतो आणि ताडपत्रीमुळे आतच कोंडतो. जाळीचा वरचा फूटभर भाग दिवसरात्र उघडा पाहिजे, पावसातही. खाली भाताच्या तुसाचा 3 इंच थर घाला आणि दर दोन दिवसांनी पंज्याने हलवा. मूठभर तूस दाबून बघा : मूठ उघडल्यावर सुटा झाला तर ठीक, लाडू झाला तर ओल आहे. तेवढा भाग काढून सुका तूस टाका. अशा ओलीतच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. वास मारायला चुना टाकायची पद्धत आहे, पण ओल्या तुसावर चुना पडला की अमोनिया उलट जास्त सुटतो. पाण्याचं भांडंही तपासा; निम्मी ओल बरेचदा तिथूनच येते. दोन विटांवर ठेवा.

प्रश्न : कोंबड्या अंड्याच्या खोक्यातच झोपतात, अंडी घाण होतात. (वाई)

खोकी दांडीपेक्षा उंच असणार. कोंबडी झोपायला सर्वांत उंच जागा धरते. खोकी 1 फुटावर आणा, दांड्या 2 फुटांवर. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर हव्यात, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. कोंबडीमागे 8 इंच दांडी आणि चार कोंबड्यांत एक खोकं पुरतं.