वाचकांचे प्रश्न : ब्रशलेस मोटारीचा केव्ही कसा मोजावा?

प्रश्न : मॉडेल विमानासाठी आणलेल्या आउटरनर (बाहेरचं कवच फिरणाऱ्या) मोटारीवर १००० केव्ही छापलं आहे. ते खरं की खोटं हे घरी ड्रिल आणि मल्टिमीटर वापरून कळेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कळेल. केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नव्हे, तर बिनलोडवर दर व्होल्टमागे मोटारीचे मिनिटाला किती फेरे होतात तो आकडा. पण फेरे मोजायला ऑप्टिकल टॅकोमीटरही लागेल. ड्रिलवर छापलेले २८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरून गणित करू नका. विजेचा दाब खालीवर झाला की ड्रिलचे फेरे बदलतात आणि ती चूक थेट उत्तरात उतरते. फेरे आणि व्होल्ट एकाच क्षणी वाचायचे.

आधी टॅकोमीटर तपासा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटसमोर दोन पात्यांच्या (पंख्याची पाती किती ते सांगणाऱ्या) सेटिंगवर धरला की ३००० दिसले पाहिजेत, कारण ५० हर्ट्झवर ती नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एलईडी दिव्यावर ही तपासणी होईलच असं नाही. प्रत्यक्ष मोजणी मात्र दिवसाच्या उजेडात करा, नाहीतर टॅकोमीटर मोटारीऐवजी नळीच मोजत बसेल.

मोटार क्रॉस माउंटने (मागच्या फुलीच्या आकाराच्या पट्टीने) लाकडी ठोकळ्यावर घट्ट बसवा आणि शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये धरा. ड्रिल स्टँडवर असेल तर उत्तम. ३.१७ मिमीचा शाफ्ट तिरक्या ओढीने सहज वाकतो. चकवर समोरासमोर पांढऱ्या टेपच्या दोन पट्ट्या लावा. एकच लावली तर दोन पात्यांच्या सेटिंगवर आकडा निम्मा येतो. मोटारीच्या तिन्ही वायरी मोकळ्या ठेवा, कुठेही एकमेकींना टेकू देऊ नका.

आता कोणत्याही दोन वायरींमधले एसी व्होल्ट वाचा. केव्ही म्हणजे आरपीएम भागिले (व्होल्ट गुणिले १.३५). २७४० आरपीएमला २.०२ व्होल्ट आले तर केव्ही १००५. बरेच जण १.३५ ऐवजी १.४१४ घेतात, मग हीच मोटार ९५९ ची ठरते. १.४१४ ने लाटेचं शिखर मिळतं. पण ईएससी (मोटारीचा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक) एका वेळी दोनच वायरींना वीज देतो आणि माथ्यालगतचा ६० अंशांचा तुकडा वापरतो. त्या तुकड्याची सरासरी शिखराच्या ०.९५५ पट असते, म्हणून १.४१४ गुणिले ०.९५५, म्हणजे १.३५.

मीटरकडेही लक्ष हवं. स्वस्त मीटरची सर्वांत लहान एसी रेंज २०० व्होल्टची असते आणि तो ०.१ व्होल्टच्या टप्प्यानेच वाचतो. दोन व्होल्ट मोजताना एवढ्यानेच ५ टक्के फरक पडतो. २ किंवा २० व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर घ्या. शिवाय बरेच मीटर ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात. १४ चुंबकांच्या मोटारीत २७४० आरपीएमला सुमारे ३२० हर्ट्झ होतात, त्यामुळे याहून फार वेगाने फिरवण्याच्या फंदात पडू नका.

वायरींच्या तिन्ही जोड्या मोजल्याशिवाय काम संपवू नका. दोन जोड्यांत व्होल्ट कमी आणि एकीत बरोबर आले, तर त्या दोन्हींत येणाऱ्या वायरीचं वाइंडिंग आतून शॉर्ट असण्याची दाट शक्यता आहे. अशी मोटार हाताने फिरवतानाही जड लागते.

प्रश्न : ड्रिलवर १००५ आलेली मोटार ईएससीवर पंख्याविना पळवली तर १०६० येतात. खरा आकडा कोणता?
– अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, होटगी रोड

उत्तर : मोटारीचा स्वतःचा गुण ड्रिलवरचा. ईएससीचं टायमिंग (एका वायरीवरून दुसरीवर वीज बदलण्याची वेळ) पुढे असलं की मोटार बिनलोडवर जास्त पळते आणि करंटही जास्त ओढते. टायमिंग सर्वांत कमी ठेवून पुन्हा मोजा, आकडे जवळ येतील. उलट, थ्रॉटल कॅलिब्रेट केलेला नसेल (म्हणजे रिमोटच्या वेगदांड्याची दोन टोकं ईएससीला शिकवलेली नसतील) तर ईएससी पूर्ण उघडत नाही आणि केव्ही कमी दिसतो.

व्होल्ट बॅटरीवर छापलेले घेऊ नका, मोटार चालू असताना ईएससीच्या इनपुटला मोजा. त्यातून बिनलोड करंट गुणिले वाइंडिंगचा रोध वजा करा. ०.७ अँपिअर आणि ०.०९ ओहम असतील तर ०.०६ व्होल्ट, म्हणजे नगण्य. इथे टेप मात्र नको. बारा हजार फेऱ्यांना ती सुटून उडते, त्याऐवजी बेलवर (मोटारीच्या फिरणाऱ्या कवचावर) व्हाइटनरचे समोरासमोर दोन ठिपके द्या.

तापमानाचीही नोंद ठेवा. निओडिमियम चुंबक दर अंशाला साधारण ०.११ टक्का कमजोर होतो आणि तेवढा केव्ही वाढतो. सोलापुरात मे महिन्यातल्या दुपारी उड्डाणानंतर तापलेली मोटार आणि सकाळची थंड मोटार यांत चुंबकाचा ५० अंशांचा फरक असेल, तर केव्हीत ५ टक्क्यांहून जास्त फरक दिसेल. मोटार तीच.

प्रश्न : यंत्रमागाच्या मोटारी भरणारे कारागीर ब्रशलेस मोटार भरून देतील का? केव्ही किती बदलेल?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : हात बसलेला कारागीर देईल, पण बारीक तार आणि टोकदार स्टेटर (वेढे ज्यावर असतात तो लोखंडी गाभा) त्याला आधी दाखवा. केव्ही वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात बदलतो : १४ वेढ्यांना १००० असेल तर १२ वेढ्यांना ११६७. स्टारची जोडणी (तिन्ही वाइंडिंगची टोकं एका बिंदूत) डेल्टा (त्रिकोणात) केली की १.७३ पट. स्टेटरच्या कडेला तारेचं इनॅमल खरवडतं, म्हणून भरून झाल्यावर तार आणि लोखंड यांत कंटिन्युइटी नाही ना ते पाहा. बीप आला तर ईएससी जोडू नका, जळेल.